मयतात धवला

हर्षाली भांडत नव्हती, हीच मथुराबायची तक्रार होती.

सून भांडते म्हणून डोळ्याला पदर लावणाऱ्या सासवा हर्णैच्या कोळीवाड्यात दारोदार मिळतील. सून भांडत नाही म्हणून कपाळाला हात लावणारी ही एकटीच. शेजारची कोंडाबाय पायरीवर येऊन बसली की मथुराबाय सुरू व्हायची.

"मी म्हणते, कालवणात मीठ कुठंय? तर 'बरं आये.' मी म्हणते, तुझ्या आईनं तुला चूल लांबूनच दाखवली काय गो? तरी 'बरं आये.' आणि आवाज कसा, तर शिऱ्यात घोळून काढल्यासारखा. कोंडे, माणूस इतकं गोड बोलायला लागलं की समजावं, बोचकं बांधून ठेवलंय."

"चांगली सून मिळाली तर तेही खुपतं तुला."

"चांगली होतीच. आता गोड झालीय. त्यात फरक आहे."

फरक तिला नेमका ठाऊक होता. मथुराबायची शाळा दुसरीत सुटली, पण बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. व्यापारी "बस, आता परवडत नाही" म्हणाला तरी तो अजून चढणार की खरंच थांबणार, हे ती त्याच्या गळ्यावरून ओळखायची. शब्दांवर ती कधी विसंबलीच नाही. शब्द काय, कोणीही फेकतं. दाभोळहून लग्न होऊन आलेल्या हर्षालीनं पहिल्याच शिमग्याला "मी इथं पगारी बाई म्हणून आलेली नाही" असं तोंडावर सुनावलं, तेव्हा मथुराबाय वरून तडतडली आणि आतून निवांत झाली. पोरीचा आवाज सरळ होता. चिडली तर चिडलेला, हसली तर हसलेला. अशा माणसाबरोबर घर चालवता येतं.

मथुराबायचे कान आधीपासूनच उतरत होते. एक तर कधीचाच गेलेला, दुसरा बोटींच्या इंजिनांनी अर्धा खाल्लेला. होळीच्या सुमारास हृदयाचा झटका आला आणि त्यावेळच्या औषधांनी उरलंसुरलं ऐकणंही नेलं. मग दीपेशनं, तिच्या एकुलत्या लेकानं, तिला दापोलीच्या कानाच्या दवाखान्यात नेऊन नवं यंत्र बसवून आणलं. जुनी यंत्रं आवाज नुसता मोठा करायची. फुटक्या घागरीत कितीही पाणी ओता, काय उपयोग? हे यंत्र आवाज नव्यानं घडवायचं. भोवतीच्या गोंगाटातून बोलणाऱ्या माणसाचा आवाज निवडून काढायचा, तो काय बोलला ते पकडायचं, आणि मग त्याच माणसाच्या गळ्यात तेच वाक्य, मथुराबायच्या कानात अजून जीव उरलेल्या पट्टीत, पुन्हा बोलून दाखवायचं. पापणी लवायच्या आत. यंत्र सुरू झालं तेव्हाचं पहिलं वाक्य दीपेशचं होतं. "आये, ऐकू येतं का गो?" मथुराबायनं दवाखान्यात सगळ्यांसमोर घळाघळा आसवं गाळली होती.

तेव्हापासून जग सुधारलं होतं. मासळीबाजारात वाट्यांवरून भांडणाऱ्या बाया भजनी मंडळासारख्या वाटायच्या. रिक्षावाला सुट्या पैशांवरून अडला तरी जावयासारखा बोलायचा. आणि घरात दीपेश! लिलाव मोबाईलवर गेल्यापासून बंदरावरचं ते काम तोच सांभाळायचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की तो चिडचिडा होतो, हे आईला माहीत होतं. यंदा मात्र पोरगा सायीसारखा मऊ. जेवायला बसला की बायकोला विचारायचा, "कुठं होतीस?" नव्या नवरीला विचारावं तसं. ती काही पुटपुटली की म्हणायचा, "परत सांग." जसं आवडतं गाणं परत म्हणायला सांगावं. मथुराबायनं एकदा सुनेला ऐकवलंसुद्धा, "बघ, माझा लेक कसा बोलतो तुझ्याशी. माझ्या नवऱ्यानं जन्मात मला असं विचारलं नाही."

हर्षाली ताटाकडे बघत म्हणाली होती, "बरं आये."

या एवढ्या गोडव्यात कर्कश ती एकटीच. तिचा स्वतःचा आवाज कवटीतून परस्पर आत पोचायचा, यंत्राला न विचारता, आणि तो ऐकला की तिला देवळात शिरलेल्या कावळ्यासारखं व्हायचं. ती बोलायची कमी झाली. टोमणा मारावा तर तो कशावर जाऊन आपटतच नाही. पिशवीसारख्या डोलीच्या जाळ्यात कोळंबी शिरते ना, तिला कुठं काही टोचत नाही. पाणी तेच, वाहतंही तसंच. फक्त पुढं पुढं जागा अरुंद होत जाते. घर स्वतःचं, भिंती स्वतःच्या, आणि मथुराबाय त्यात पाहुणीसारखी फिरायची.

एक गोष्ट मात्र तिला कोणी न सांगता कळली होती. हर्षाली जाणार. माहेरचे फोन वाढले होते, कपाटातल्या चांगल्या साड्या एकेक करून दिसेनाशा झाल्या होत्या. का जाणार, ते कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय तिला अडवायचं कसं? घरात दुसरं बोलायला होतं कोण?

"बाहेर कोणी असंल तिचं," ती कोंडाबायला म्हणाली.

कोंडाबायनं तिच्याकडे एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मग उठून गेली.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि त्याच आठवड्यात कोंडाबायचा नवरा पांडू तांडेल जाळं विणता विणता बसल्या जागी गेला. मथुराबाय बाजारात होती. निरोप मिळाला तशी टोपली टाकून निघाली. गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिचे पाय थांबले.

पांडूच्या अंगणातून धवला ऐकू येत होता.

धवला म्हणजे कोळ्यांच्या लग्नातलं गाणं. धवलारीण ओळ सोडते, बाकीच्या बाया ती उचलतात, आणि हळदीपासून वरातीपर्यंत सगळं त्यावर चालतं. संथ, गोल चाल. इथं शब्दांत "माझ्या धन्या" होतं, "मला टाकून कुठं गेलास" होतं, पण चाल हळदीची. मथुराबाय अंगणात आली. बाया पाठमोऱ्या बसलेल्या, पदर डोक्यावरून पुढं ओढलेले, आणि सगळ्या एका सुरात.

"लाज सोडलीत काय गो?" ती कडाडली. बंदर गाजवलेला आवाज तो. "म्हातारा अजून उचलला नाही आणि हळदीची गाणी म्हणता? कोंडे, नवरा गेला तुझा, का लेकाचं लग्न निघालंय?"

पदर मागं सरले. कोंडाबाय वळली. डोळे सुजलेले, कपाळ जमिनीवर आपटून सोललेलं. तिनं मथुराबायकडे बघून तोंड वासलं, आणि त्या तोंडातून मथुराबायच्या कानात एक लांब, सुरेल, नवरीला हळद लावतानाची तान आली.

मथुराबायनं कानातलं यंत्र उपटून काढलं. सगळं बंद पडलं. त्या शांततेत कोंडाबायच्या मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या आणि बाया मथुराबायकडे बघत होत्या. एकीनं तोंडातल्या तोंडात काही म्हणून थुंकल्यासारखं केलं. बायांतून वाट काढत हर्षाली आली, तिनं सासूला दंडाला धरलं आणि घरी आणलं.

घरात आल्यावर मथुराबायनं यंत्र परत घातलं. "तुला माहीत होतं हे?"

"काय आये?"

"हे यंत्र खोटं बोलतं ते!"

काहीतरी विचारावं असं हर्षालीच्या ओठांशी आलं होतं. मग ती म्हणाली, "काही नाही आये. तुम्ही पडा जरा." शिऱ्यात घोळलेलं.

मथुराबायला पक्कं कळलं. हिचंच काम. सासूचं तोंड बंद करता येत नाही तर कान बंद केले. पोरगी जाता जाता मला गावात तोंडघशी पाडून जाणार.

दुसऱ्या दिवशी ती बॅटरीवरच्या गाडीत बसून एकटीच दापोलीला गेली. कानाच्या दवाखान्यात ऋजुता मॅडम होती, तिनंच यंत्र बसवलेलं. पोरसवदा, पण ऐकून घेणारी.

"हे बिघडवलंय कोणीतरी," मथुराबायनं यंत्र टेबलावर ठेवायच्या आधीच सांगून टाकलं. "मयतात मला धवला ऐकवला यानं. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

मॅडमनं यंत्र तपासलं, कानात परत बसवलं आणि समोर खुर्ची ओढून घेतली. "आजी, बिघडलेलं नाही. हे 'सौम्य'वर लावलंय."

"ते काय असतं?"

"गाण्यात शब्द वेगळे आणि चाल वेगळी, हो ना? एकाच शब्दांना दोन चाली लावता येतात. बोलण्यालाही चाल असते. कुठला शब्द वर गेला, कुठला पडला, कुठे दम लागला, कुठे गळा दाटला. यंत्र ती चाल मोजतं. साध्यावर असेल तर जशी मोजली तशी तुम्हाला ऐकवतं. 'सौम्य'वर असेल तर शब्द तेच ठेवतं, चाल बदलून देतं. हृदयाच्या पेशंटना आम्ही सुचवतो. भांडणानं, रडण्यानं ठोके बिघडू नयेत म्हणून."

"आणि बदलून कुठली लावतं?"

"यंत्राबरोबर दिलेला तुमच्या मनगटावरचा पट्टा ठोके मोजत असतो. ज्या आवाजानं तुमचं काळीज शांत होतं, तो आवाज यंत्र लक्षात ठेवतं आणि बाकीचे आवाज त्याच्याकडे ओढतं. इतक्यात कुठे लग्नाला गेला होतात का?"

"वैशाखात. पुतणीच्या हळदीला."

"तिथे बायका गात होत्या?"

पुतणीच्या मांडवात खांबाला टेकून मथुराबाय डोळे मिटून बसली होती, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा तिला वाटलं होतं की आपण जगलो.

"म्हणजे माझंच काळीज मला फसवतंय," ती म्हणाली.

मग मथुराबायनं कानाकडे बोट केलं.

"काढून टाक ते सौम्य."

"मला नाही काढता येत, आजी. तुम्ही दवाखान्यात असताना तुमच्या मुलाला काळजीवाहक नेमलंय. त्याचा अंगठा लागतो."

"कान माझा आणि अंगठा त्याचा?"

"नियम तसा आहे."

"मग दुसरं यंत्र दे."

"कुठलंही घेतलंत तरी खातं तेच राहणार. त्याच्याकडेच."

भिंतीवर कुठंतरी पंखा फिरत होता, त्याचा आवाज यंत्रानं केव्हाच वगळलेला. मथुराबायनं खुर्ची मागं सारली. "सुनेनं शिकवलं असंल त्याला," ती म्हणाली. "तो भोळा आहे. तिला शिव्या घालायला मोकळीक पाहिजे होती."

मॅडम घुटमळली. मग तिनं पडदा मथुराबायकडे वळवला. "एवढं मी दाखवू शकते, हे तुमच्याच कानाचं आहे. कुणाचा आवाज गोड करायला यंत्राला किती झटावं लागतं, ते यात दिसतं."

पडद्यावर राशी होत्या, लहान मोठ्या, धक्क्यावर मासळीच्या लागतात तशा. बाजारातल्या बाया गुडघाभर. कालचं कोंडाबायचं रडणं कमरेइतकं. आणि एक रास पार वरपर्यंत गेलेली, इतकी की बाकीच्या तिच्यापुढं खिजगणतीत नव्हत्या.

"ही बघ, ही हर्षाली," मथुराबाय समाधानानं म्हणाली.

"नाही आजी. हा दीपेश आहे."

मथुराबायनं पडद्याला नाक लावलं. "मग हर्षाली कुठंय?"

मॅडमनं बोट खाली नेलं. सुरुवातीला हर्षालीची रास चांगली उंच होती. मग दर महिन्याला उतरत, उतरत, आता जमिनीला टेकलेली.

"हे चांगलं का वाईट?"

"म्हणजे तिच्या आवाजात आता बदलण्यासारखं काही उरलेलं नाही. राग नाही, रडू नाही. यंत्राला तिच्यासाठी काही करावंच लागत नाही."

मथुराबाय उठली. दारापर्यंत गेली आणि परत आली. "दीपेशचं बोलणं ते कशाकडं ओढतं?"

मॅडमनं बघितलं. "पहिल्या दिवशी तो तुम्हाला इथे जे बोलला ना, 'ऐकू येतं का गो', त्याच्याकडे. तुमचे ठोके त्यानंतर कधी इतके छान पडले नाहीत."

परतीच्या गाडीत मथुराबाय खिडकीशी बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. "परत सांग." आधी यंत्रानं ऐकवलेल्या चालीत. मग लिलाव पुकारावा तशा. मग हळू, खालच्या पट्टीत, दात न उघडता. "परत सांग." तिचाच आवाज, कवटीतून आलेला, कोणी न बदललेला. शेजारची बाई सरकून बसली.

पण ती लेकाची आई होती. एकदा खोटं बोललेलं यंत्र दुसऱ्यांदाही खोटं बोलेल. त्याच्या साक्षीवर पोटच्या पोराला फासावर कशी देईल?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसली. पापलेटाचं कालवण होतं. मथुराबायनं पदर सारखा केल्यासारखं करून यंत्र काढलं आणि मुठीत धरून मांडीवर ठेवलं. जगावर झाकण पडलं.

यंत्र यायच्या आधी, कान अर्धे असताना, ती माणसांचे चेहरे वाचायची. गोड ऐकू यायला लागल्यापासून तिनं कोणाकडे नीट बघितलंच नव्हतं. आता बघितलं. दीपेश ओरडत नव्हता. त्यानंच ती जास्त हबकली. तोंड जेमतेम हलत होतं, घास चावत चावत. हनुवटी किंचित पुढं, आणि डोळे हर्षालीवर असे ठेवलेले की गळाला लागलेल्या माशाला थोडी दोरी सोडावी, थोडी ओढावी. हर्षालीची पळी भांड्यातच थांबली. ती काही बोलली. त्याचे ओठ परत हलले, आणि मथुराबायनं ते ओळखले. परत सांग. हर्षालीचा खांदा कानाकडे चढला, अंगावर काही येणार असल्यासारखा. त्यानं एका बोटानं वाटी तिच्याकडे ढकलली. कालवण सांडलं. हर्षालीनं ते लगेच पुसलं, आणि पुसता पुसता तिची नजर एकदाच मथुराबायकडे गेली.

त्या नजरेत मथुराबायला स्वतःची जागा दिसली. समोर बसून सगळं ऐकणारी, वर "माझा लेक कसा बोलतो बघ" म्हणणारी.

"दीपेश."

तो वळला. तिच्याकडे वळताना चेहऱ्यावर हसू तयार होतं. तिनं यंत्र त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"घाल तुझ्या कानात. तुझं बोलणं तुला तरी गोड लागू दे."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. मग तोंड हलायला लागलं. त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवला, मग तिच्या छातीकडे बोट केलं.

"हां, काळीज. डॉक्टर म्हणाला आईला त्रास नको. औषध माझं आणि आराम तुझा, होय रे? माझं काळीज माझं आहे. फुटलं तर मी बघीन. ऊठ. जेवण झालं तुझं."

तो उठला. आता तोंड मोठं उघडत होतं, गळ्याच्या शिरा फुगत होत्या, आणि मथुराबायपर्यंत त्यातलं काही येत नव्हतं. ती उठून त्याच्या आणि हर्षालीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिची उंची त्याच्या खांद्यापर्यंत. मग तो गेला. दार आपटलं ते तिला पायाच्या तळव्यांतून कळलं.

संध्याकाळी तो परत येणार होता. दोघींनाही ते माहीत होतं.

मथुराबाय वळली, तर हर्षाली बोलत होती. आधी ओठ थरथरत, मग भराभर. बोलता बोलता तिनं पळी आपटली. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून थुंकी उडायला लागली. बोट दाराकडे गेलं, मग फिरून सरळ मथुराबायवर आलं आणि तिथंच राहिलं, हलत, टोचत. पहिल्या शिमग्यातली तीच पोरगी. तो आवाज घरात परत आला होता, भिंतींना लागत असणार, पलीकडं कोंडाबायला ऐकू जात असणार. मथुराबायला नाही. यंत्र ताटाशेजारी हातभरावर पडलं होतं. ते घातलं की शब्द सगळे मिळाले असते, शिऱ्यात घोळलेले. तिनं त्याला हात लावला नाही. ती नुसती उभी राहून बघत राहिली, हर्षालीचा दम संपेपर्यंत.

"झालं?" ती म्हणाली. स्वतःचा आवाज कवटीत घुमला. "मला एक अक्षर पोचलं नाही. पण शिव्या होत्या, आणि माझ्या हक्काच्या होत्या. आता माझं ऐक गो. जायचं असंल तर जा. दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं, आणि तुझी पेटी मी स्वतः दाभोळपर्यंत पोचवीन. राहायचं असंल तर राहा, आज रात्रीपासून तुमच्या दोघांच्या मध्ये माझं अंथरूण पडंल. ते तू ठरव. पण पाच महिने मला हे ऐकून खूश होणारी बाई समजून मुकाट्यानं माझ्या ताटात वाढत राहिलीस, ते तू चुकलीस हर्षाली. पहिल्याच दिवशी ते ताट माझ्या डोक्यात घालायला हवं होतंस."